तिसरा मुक्काम

स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरलाय,
एका कोपऱ्यावर कॉफीचं भांडं, दुसऱ्यावर लिव्हियोचा चष्मा.
मुज्जापासून पोरेचपर्यंत एकशे तेवीस किलोमीटर.
पेन्सिलीची रेघ सरळ म्हणून जात नाही कुठे,
डोंगराच्या कडेकडेने, वळत, रेंगाळत,
बाजाराला निघालेल्या बाईसारखी
जिला प्रत्येक दारातून कुणीतरी हाक मारतं.

एकोणीसशे पस्तीसला गाडी बंद झाली, मग रूळही गेले.
रुळांमधलं अंतर सातशे साठ मिलिमीटर,
माझ्या ओव्हनपेक्षा वीतभर जास्त, इतकंच.
आजोबा त्या गाडीवर ब्रेकवाले होते.
सांगायचे, चढावर ती अशी दमायची
की उतारू खाली उतरून द्राक्षं तोडत
आणि न धावता पुन्हा आपापल्या डब्यात चढत.
खोटंही असेल.
ब्रेकवाल्याला थांबण्याच्याच गोष्टी ठाऊक.

तिला खडा चढ झेपत नव्हता,
म्हणून तिच्यासाठी वळसे, दऱ्यांवर पूल, खडकात बोगदे.
तिची ती दमछाक आता आमच्या गुडघ्यांच्या कामी येणार.
"शंभर मीटरला तीन मीटरसुद्धा चढ नाही,"
मी लिव्हियोला वाचून दाखवते.
"तिच्याकडे निदान वाफ होती," तो म्हणतो.
त्याला बॅटरीची सायकल हवी.
मला नको.
ह्यात मंगळवार गेला.

बुधवारी सामान. दोन ट्यूबा, पंक्चरची डबी,
बोगद्यांसाठी दिवे, त्याच्या गोळ्या,
आणि माझं लोकरीचं जाकीट, जे "जूनमध्ये कशाला?" म्हणत
तो बाहेर काढतो, मी आत ठेवते.
पासपोर्ट कुणी बघणार नाही.
दोन सरहद्दी, आणि कुणी साधं विचारणार नाही!
माझी आई शनिवारी त्रिएस्तेहून परतायची
कॉफीची पुडकी पोटाशी बांधून,
सातवा महिना असल्यासारखी कमरेवर हात ठेवून.
एकदा चौकीवरच्या शिपायाने
उठून तिला आपली खुर्ची दिली होती.

गुरुवारी मुक्काम ठरवायचे.
पहिली रात्र पोर्तोरोझ. महाग, पण समुद्र.
दुसरी ग्रोझन्यान. माडीवरची खोली, सायकली जिन्याखाली.
तिसरी
म्हणून पेन्सिल विझिनादावर येते, आणि उभी राहते.

तिथे माझी बहीण असते, ओंदिना.
बाबांच्या ऑलिव्हच्या बावीस झाडांवरून
नऊ वर्षं आमचं बोलणं नाही.
अकरा तुझी, अकरा माझी,
हा पहिलीतला हिशेब दोघींनाही जमला नाही.
लिव्हियो म्हणतो, मोतोवुनलाच राहू हवं तर.
मग काही म्हणत नाही,
फडक्याने चेन पुसत बसतो, पुसलेलीच.

मी पुन्हा नकाशा बघते. लिवादे मागे पडलं, दरी ओलांडली,
की सगळी वाट तिच्या घराकडे चढते.
फार नाही. शंभराला तीनसुद्धा नाही.
पण लांबच लांब.

शुक्रवारी फोन लावला.
नंबर बोटांना पाठ होता.
विचारलं, "तुमच्याकडे पाऊस पडून गेला की खडी सैल होते का?"
पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज.
"खडी सैलच असते," ती म्हणाली.
"स्टेशनच्या अलीकडे उतर आणि चालत ये.
ब्रेकवाल्याची नात असून
वळणावर ब्रेक कधी लावता आला नाही तुला."
मी गप्प. ती गप्प.
"बॅटरीची की साधी?"
"ठरलं नाही अजून."
"अंगणात प्लग आहे," म्हणाली, आणि फोन ठेवला.

नकाशावर लिहिलं, बारीक अक्षरात: विझिनादा.
खोडरबर हाताशीच राहू दिलं.
दारातून लिव्हियोने विचारलं, "काय म्हणाली?"
म्हटलं,
"तुझी बॅटरी मंजूर."